एकोणीस डागांची एक लगड

मुकुलनं मोबाईलची काच शर्टाला पुसली, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि म्हणाला, "काकू, एकेक दागिना यावर ठेवत जा. मी फोटो काढत जातो. दहा मिनिटांचं काम आहे."

हा मुकुल सांगलीचा. विमा विकायचा. घरातल्या मोलाच्या वस्तूंचा विमा असतो, हे विट्यातल्या निम्म्या लोकांना त्यानंच पहिल्यांदा सांगितलं. आकाराम शेठच्या घरी तो दुसऱ्यांदा आला होता.

चंद्राबाई त्याच सकाळी शिराळ्याहून परत आली होती. नागपंचमीला भाऊ येऊन घेऊन गेला होता, चार दिवस माहेरी राहिली. पिशवी अजून सोफ्यावरच पडली होती, हातावरची मेंदी ताजी होती. तिनं आतल्या खोलीतलं कपाट उघडून पितळी डबा उचलला आणि तिथंच थबकली. डबा खुळखुळला नाही. आत एकोणीस डाग, म्हणजे दागिने, असले की डबा कसा बोलतो हे तिला पाठ होतं. आत काहीतरी एकच घरंगळलं आणि ठक्कन पत्र्याला लागलं.

तिनं डबा तसाच बाहेर आणला, टॉवेलवर ठेवला, झाकण काढलं.

आत काड्यापेटीएवढी सोन्याची लगड होती. शेजारी एक स्टीलची वाटी. वाटीत मोत्यांचे मणी, दोन-चार तांबडे खडे, काळी पोत, गोंड्यांचे दोरे आणि तांबड्या कापडाची एक पट्टी.

"ह्ये काय?" ती म्हणाली.

आकाराम शेठ झोपाळ्यावर बसला होता. परीक्षेत पहिलं आलेलं पोर बसतं तसा. "सोनं," तो म्हणाला.

"त्ये दिसतंय मला. माझं डाग कुठायत?"

"त्येच की. शुद्ध करून ठिवलंय. साडेनव्याण्णव टच. कुठंबी ने, कुणालाबी दाव."

"समदं?"

"समदं."

"बोरमाळ?"

"हाय की त्यात."

"वज्रटीक?"

"तीबी."

"आईच्या पाटल्या?"

"अगं, समदं म्हणल्यावं समदंच. एकोणीस नग हुतं, मोजून घातलं मुशीत. एक मागं ठिवला न्हाई."

चंद्राबाई खाली बसली. खुर्ची मागं होती, पण ती फरशीवरच बसली. मुकुलचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला. त्याचं तोंड उघडं पडलं होतं ते त्याला कळलंसुद्धा नाही. झोपाळा तेवढा कुरकुरत होता.

आता आकाराम शेठ खुळा म्हणावा तर तसाही नाही. मिसरूड फुटायच्या आत चुलत्यानं त्याला सेलमला नेला. विट्याकडचा गडी गलाईला गेला नाही तर त्याला मुलगी मिळत नसे, तो काळ. गलाई म्हणजे जुनं सोनं आटवून त्यातली चांदी, तांबं, मळ काढायचा आणि निव्वळ सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. अॅसिडानं बोटांची कातडी हळकुंडासारखी पिवळी झाली, नखं काळी पडली, छातीत खोकला बसला. पण सेलमच्या बाजारात आकारामच्या चिठ्ठीवर ब्याण्णव टच, म्हणजे शंभरात ब्याण्णव भाग सोनं, लिहिलं असलं की ते ब्याण्णवच. समोरचा सोनार परत कस लावायचा नाही. तामिळ माणसं शेजाऱ्याचंही सोनं कस लावल्याशिवाय घेत नाहीत, पण ह्याचं घ्यायची.

वर्षातनं एकदा दसऱ्याला तो गावी यायचा. आठ दिवस. पालख्यांची शर्यत बघायची, देवाला जायचं, शेतात एक चक्कर टाकायची. चंद्राबाई इथंच. सासू, सासरा, दोन म्हशी, ऊस आणि पोरगा ऋषिराज, सगळं तिच्या अंगावर. जमेल त्या वर्षी येताना आकाराम कमरेच्या पट्ट्यात शुद्ध सोन्याचा एक तुकडा आणायचा. दसरा झाला की तो विट्यातल्या सोनाराच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हिला काय पायजे ते करून द्या." मग सेलमची गाडी धरायचा. दागिना घडायला महिना लागायचा. तो बघायला हा कधी नसायचाच. घडण चंद्राबाई सांगायची, दुकानात चार हेलपाटे तीच घालायची, आणि झाला की डब्यात ठेवायची. असे सतरा, आणि आईकडनं आलेले दोन. असे एकोणीस.

तीन वर्षांपूर्वी खोकला वाढला. ऋषिराजनं दुकान हातात घेतलं आणि बापाला घरी धाडला. विट्याच्या कडेला बंगला बांधलेलाच होता. पण ज्याचे हात चाळीस वर्षं भट्टीपाशी राहिले त्यानं बंगल्यात करायचं काय? सकाळी पेपर, दुपारी झोपाळा, संध्याकाळी देवळापर्यंत फिरणं. बायकोशी बोलायला जावं तर चौथ्या वाक्याला विषय संपायचा.

अशात गल्लीत चोरी झाली. शेजारचं कुटुंब देवाला गेलं होतं, परत येऊन बघतंय तर कपाट उताणं. ऋषिराजनं सेलमहून फोन केला, "आबा, घरातल्या डागांचा विमा काढा. माज्या वळकीचा पोरगा हाय सांगलीचा, त्यो येईल." आणि मुकुल आला. कागद दिला, समजावून सांगितलं, "शेठ, यादी करून ठेवा, पुढच्या शुक्रवारी येऊन फोटो काढतो," म्हणाला आणि गेला.

चंद्राबाई माहेरी निघाली तेव्हा पंचमीची गर्दी नको म्हणून तिनं डाग घरीच ठेवले. कपाटाची किल्ली नवऱ्याच्या हातात देऊन गेली. यादी करायची होती ना.

आकारामनं भिंग काढलं, कसोटीचा दगड काढला, छोटा काटा काढला आणि कागद समोर घेतला. वस्तू. वजन. शुद्धता. किंमत. खाली बारीक अक्षरात छापलेलं: वरील माहिती खरी असून त्यात काही खोटे आढळल्यास मी जबाबदार राहीन. सही.

पहिलीच बोरमाळ निघाली. बोरमाळेचा मणी वरनं सोन्याचा पत्रा आणि आतनं लाख. काट्यावर दोन्हींचं वजन येणार. त्यात सोनं किती, लाख किती? अंदाजानं लिहायचं? चाळीस वर्षांत त्यानं कुणाला अंदाजानं चिठ्ठी दिली नव्हती. अर्धा दिवस तो त्या कागदाकडं बघत बसला. मग म्हणाला, एक मणी फोडून बघू. एकाचं कळलं म्हणजे बाकीच्यांचा हिशेब लागंल.

एक मणी फोडला. दुसरा त्याच्यासारखा निघाला नाही, म्हणून तिसरा फोडला. तिसरा फोडल्यावर ती बोरमाळ राहिलीच नव्हती. फुटका डाग काय करायचा असतो हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. गोठ्यामागच्या शेडमध्ये त्यानं सेलमहून आणलेली मूस आणि लहान भट्टी पडून होती. गॅसची टाकी स्वयंपाकघरातली काढून नेली.

आणि एकदा ज्वाळा निळी झाली, मुशीतलं सोनं पाण्यासारखं हलायला लागलं, तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. मळ सुटायला टाकणखाराची चिमूट त्यानं नेमकी टाकली. ठुशी गेली, साज गेला, पुतळ्यांची माळ गेली. चांदी, तांबं, मळ, सगळं त्यानं नेटकं वेगळं केलं. तिसऱ्या दिवशी लगड ओतली, थंड केली, कस लावला आणि कागदावर ठसठशीत लिहिलं: सोने, एक नग, साडेनव्याण्णव. खाली सही ठोकली. असा खरा कागद त्या पोराच्या हापिसात आजवर कुणी दिला नसंल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तो कागद त्यानं आता मुकुलपुढं धरला.

मुकुलनं वाचला. घसा खाकरला. "शेठ, शुद्धतेचा रकाना तुम्ही भरायचा नव्हता."

"मग कोण भरणार?"

"आमचा मूल्यांकन करणारा सोनार येतो. तो अंदाजे लिहितो. लाखेचं, खड्याचं धरूनच लिहितो. तुम्ही नुसती नावं लिहायची होती. बोरमाळ एक, ठुशी एक. बास."

"अंदाजे?"

"हो."

"आन त्ये चालतं?"

"सगळ्यांचं तसंच चालतं, शेठ." मुकुलनं चंद्राबाईकडं बघायचं टाळलं. "आणि दुसरं म्हणजे ही पॉलिसी दागिन्यांची आहे. अंगावर घालायच्या वस्तू. लगड, बिस्कीट यात बसत नाही. हे... याचा विमा नाही करता येणार."

आकारामचा झोपाळा थांबला.

चंद्राबाई उठली. लगड उचलून तिनं पदराच्या टोकाला बांधली, दोनदा गाठ मारली. वाटी रुमालात पालथी केली आणि रुमाल पिशवीत ठेवला. मग मुकुलला म्हणाली, "चा घेतलास का रं पोरा?"

"नको काकू."

"बरं." तिनं पिशवी खांद्याला लावली. "शिराळ्याची गाडी कितीला हाय?"

"अगं, आत्ता तर आलीस. कुठं निघालीस?" आकाराम उठून उभा राहिला.

"तुमी चाळीस वर्सं सेलमाला जात हुता. म्या कवा इचारलं कुठं निघाला म्हणून?"

ती गेली. पायात चपला होत्या की नव्हत्या तेही त्यानं पाहिलं नाही.

विट्यासारख्या गावात अशी गोष्ट दुपारपर्यंत सुद्धा टिकत नाही. गलाईवाल्यानं बायकोचे डाग आटवले. लोकांना आधी खोटं वाटलं. मग खरं वाटलं आणि तोंडात बोटं गेली. आकाराम शेठ रस्त्यानं निघाला की बाया पाटल्यांचे हात पदराआड न्यायच्या. कट्ट्यावर एक म्हातारा म्हणाला, "शेठ, माझ्या दाताला सोन्याची टोपी हाय. तुमच्याफुडं जांभई द्यायचं भ्या वाटतंय." सगळे हसले. आकारामला हसू आलं नाही. आपण काय केलं हे त्याला अजून नीटसं उमगत नव्हतं. सोनं गेलं का? नाही. सोनं कमी झालं का? नाही. होतं त्यापेक्षा चोख झालं. मग?

ऋषिराजचा फोन आला. पहिल्यांदा त्यानं खोकल्याचं विचारलं. मग म्हणाला, "आबा, आईचं डाग आटवलं तुमी?"

"आरं, त्या रकान्यात..."

"आबा, गिऱ्हाइकानं कानातलं फुटकं कुडूक आणलं तरी आपण तीनदा इचारतो. आटवू का? बगा, परत व्हायचं न्हाई. आटवू का? तुमीच शिकवलंय मला. पाटीबी तुमीच लावलीय दुकानात."

आकारामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईला एकदा तरी इचारलं?"

त्यानं फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेला तर गॅसची टाकी अजून शेडमध्येच होती. त्या रात्री तो भाकरीविना झोपला, आणि खरं सांगायचं तर त्याला भूकही नव्हती.

चार दिवसांनी तो शिराळ्याला गेला. मेहुणा लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आलेला. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. दारातच म्हणाला, "या दाजी. बसा. पाणी घ्या. हितं माझी ऑर्डर चालत न्हाई हां, आधीच सांगतो. हायकमांड आत हाय."

हायकमांड चहा घेऊन आली. कप ठेवला आणि समोर भिंतीला टेकून बसली. पदराच्या टोकाला गाठ तशीच होती.

"चंद्रा," आकाराम म्हणाला, "चुकलं माझं. समदं परत करून देतो. दुप्पट करून देतो."

"कसं करून देणार?"

"सोनाराला सांगून."

"काय सांगणार सोनाराला?"

"हुतं तसं कर म्हणून."

"कसं हुतं?"

आकारामनं कप उचलला आणि परत खाली ठेवला.

"आईच्या पाटल्या घ्या," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसा. "कशा हुत्या?"

"एक्क्याण्णव टच. साडेचार तोळं. जोडावं जरा हलकं सोनं वापरलं हुतं."

"त्यावं नक्षी काय हुती?"

"नक्षी?"

"व्हय. वेल हुती, का पानं हुती, का मोर हुता?"

लालासाहेब खिडकीतनं बाहेर बघायला लागला. बाहेर काहीही नव्हतं.

"मंग दुसरं इचारते. एकोणीसातला कंचाबी एक सांगा. वजन नगं, टच नगं. दिसायला कसा हुता त्यो. एक सांगितला की मी चपला घालते."

तो तासभर बसला. डोळे मिटून आठवायला गेला की डोळ्यांपुढं मूस यायची आणि मुशीत लाल पाणी. तीन दिवस ते डाग त्याच्या हातात होते. एकेक उलटासुलटा करून, भिंग लावून पाहिला होता. पण जोड पाहिला, कस पाहिला, पत्र्याची जाडी पाहिली. दागिना पाहिलाच नव्हता. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा तो उठला आणि एकट्यानंच चपला घातल्या.

"दाजी," लालासाहेब गाडीवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तुमी टार्गेट न बघताच फायर केलं. आता एकच सांगतो. लग्नाचे फोटो असत्यात की घरोघर. बायका फोटोला डाग घालूनच उभ्या ऱ्हात्यात."

ही अक्कल बरी होती. आकाराम पहिला गेला तासगावला, थोरल्या बहिणीकडं. हरणाबाई पंचाहत्तरीची, पण बेदाण्याच्या शेडवर अजून स्वतः उभी राहते. तिनं भावाला आधी पोटभर शिव्या दिल्या, मग पोह्यांची ताटली दिली आणि मग ट्रंकेतनं पोराच्या लग्नाचा अल्बम काढला. प्लॅस्टिकची पानं एकमेकांना चिकटलेली. एकेक सोडवायला लागत होतं.

आकारामनं भिंग काढलं आणि बायकांचे गळे बघायला सुरुवात केली. हळदीचा फोटो, देवक बसवल्याचा, रुखवताचा. एका फोटोत हिरवं लुगडं नेसलेली एक बाई उभी होती. नाक तरतरीत, हनुवटी वर. गळा भरलेला. बोरमाळ, त्याखाली साज, त्याखाली आणखी एक. ती कुणाला तरी काहीतरी सांगत होती आणि बाजूच्या चार बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आक्का, ही कोण गं? हिच्या अंगावं बक्कळ हाय."

हरणाबाईनं फोटो बघितला. मग भावाकडं बघितलं.

"आरं आक्या," ती म्हणाली, "ही तुजी बायकू."

आकारामनं भिंग खाली ठेवलं. परत उचललं. परत बघितलं. कानाजवळचा तीळ दिसला तेव्हा त्याला पटलं.

"कशी वळखशील?" हरणाबाई बेदाण्यातली देठं निवडत म्हणाली. "तू यायचास तवा ती चुलीपाशी. डोक्यावं पदर, हात राखंत. नटून ती लग्नाला जायाची, तवा तू सेलमात. ह्या लग्नालाबी न्हवतास. माज्या पोराच्या लग्नाला तू आला न्हाईस, मी इसरले न्हाई."

त्यानं पोह्यांची ताटली बाजूला सरकवली. आपल्या बायकोला आपण ओळखलं नाही. चाळीस वर्षांत आठ-आठ दिवस. त्यानं मनातल्या मनात बेरीज करायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. वर्षसुद्धा नीट भरत नव्हतं.

मग त्यानं मुकुलला फोन लावला. मुकुलला आधीच खाल्लेलं गोड लागत नव्हतं. कागद आपण दिला, त्यातनं हे झालं, हे त्याच्या डोक्यातनं जात नव्हतं. तो मोटारसायकल घेऊन आला. आठ दिवस दोघं घरोघर फिरले. विटा, खानापूर, तासगाव. माणसं चहा द्यायची, अल्बम काढायची आणि आकारामला बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची. तो भिंग लावायचा, बोट ठेवायचा, मुकुल मोबाईलनं त्या फोटोचा फोटो घ्यायचा. एका घरात व्हिडिओची कॅसेट निघाली, पण ती लावायचं यंत्र पंचक्रोशीत कुणाकडं उरलं नव्हतं. एकूण बेचाळीस फोटो झाले. बेचाळीसांत कुठंही आकाराम बायकोशेजारी उभा नव्हता. एका मुंजीच्या पंगतीत तो होता, पाठमोरा.

फोटो छापून घेतले आणि तो शिराळ्याला गेला. ह्या वेळी मान जरा वर होती. चंद्राबाईनं चष्मा लावला आणि पत्ते पिसावे तसे फोटो लावत गेली.

"ही बोरमाळ माजी. ही ठुशी माजी. ही मोहनमाळ माजी न्हवं."

"तुझ्याच गळ्यात हाय की."

"हाय. हरणाबाईची हाय ती. त्या दिशी माजी तिच्या गळ्यात हुती."

"का?"

"का म्हंजी? त्याच भावकीत म्हैन्यात तीन लग्नं. तिन्हींला तेच डाग घालून गेलं तर बाया म्हणत्यात, हिच्याकडं एवढंच हाय. मंग आमी आदलाबदल करायचो. ही तुळशाची, ही सुलाबाईची. ह्यो हारबी माजा न्हवं." तिनं निम्मे फोटो एका बाजूला काढले. "तुमी निस्तं माज्याच गळ्यात बघितलं व्हय? माजं डाग दुसऱ्या बायकांच्या गळ्यात हायती. परत जावा आन त्यांच्या गळ्यात बघा."

"ह्या वयात, दाजी," लालासाहेब आतनं म्हणाला, "जरा जपून बघा."

चंद्राबाईला हसू आलं. तिनं ते पदरानं पुसलं, पण आलं होतं हे खरं.

आकाराम परत गेला. सगळी घरं परत पालथी घातली. शिराळ्याच्या तिसऱ्या खेपेला वहीत चिकटवलेले फोटो होते, प्रत्येकाखाली मुकुलच्या अक्षरात नाव. अठरा सापडले होते. पाटल्यांवर वेल होती, आणि वेलीच्या टोकाला एक बारीक कैरी. हे आता तो डोळे मिटूनही सांगू शकत होता, आणि त्यानं सांगितलंही. चंद्राबाईनं नुसती मान हलवली.

"वज्रटीक ऱ्हायली," ती म्हणाली.

"तिचा फोटू कुठंच न्हाई. तू ती कुणाला दिली न्हाईस आन घालून कुठं गेली न्हाईस."

"ती मी घरातच घालायची. गौरीच्या सणाला. तेवढीच." मग तिनं विचारलं, "कशी हुती?"

आता त्याच्याकडं भिंग नव्हतं, फोटो नव्हता, अल्बम नव्हता. तो फरशीकडं बघत बोलायला लागला.

"तिच्या मागं तांबडं कापड हुतं. गळ्याला टोचू नये म्हणून शिवल्यालं. ते सोडवताना बघितलं म्या. मदल्या अंगाला घामानं काळं पडलं हुतं. गळा जिथं येतो तिथं. तेवढं सोडून बाकीचं कापड नव्यासारखं हुतं. मण्यात लाख हुती. मुशीत टाकल्यावं पेटली. लय मोठा भडका झाला, माझ्या भुवया जळल्या. वास आला. आपल्या म्हसरांच्या गोठ्यात धूर करायचो तसला. पुढं कशी दिसायची ते मला न्हाई ठावं. त्ये मी बघितलं न्हाई."

चंद्राबाईनं पिशवीतनं रुमाल काढला, त्यातली तांबडी पट्टी काढली, उलटी केली. मधला भाग खरंच काळा होता. तिनं तो अंगठ्यानं चोळून बघितला.

"तेवढं तरी बघितलंसा," ती म्हणाली.

"येतीस का?"

"आज न्हाई."

तो एकटाच परत आला. पाच दिवसांनी, कुणाला काही न कळवता, ती दुपारच्या गाडीनं आली. पिशवी ठेवली, स्वयंपाकघरात गेली, गॅसची टाकी जागेवर आहे का बघितली आणि चहा टाकला. पदराचं टोक मोकळं होतं. गाठ नव्हती. आकारामनं ते बघितलं. आता तो बघायला शिकला होता. पण विचारलं नाही.

गौरी झाल्या, दसरा झाला. फोटोंची वही तिनं कपाटात ठेवली. काही करून घ्यायचं की नाही, कुठला आधी, कुठला नंतर, तिचं ती ठरवत होती. मुकुल एकदा येऊन गेला. म्हणाला, "काकू, विम्याचं काय करायचं?"

"आता काय इमा उतरायचाय? तुज्या कागदात बसंल असं घरात काय ऱ्हायलंय?"

"तरी पण ती लगड... घरात असेल तर धोका आहे. निदान लॉकरमध्ये तरी?"

"हाय तिथं बरी हाय ती."

"कुठं?"

"तू चा घे," चंद्राबाई म्हणाली.

रविवारी ऋषिराजचा फोन आला. आधी आईशी बोलला, मग बापाशी.

"आबा, लगड कुठं ठिवलीय?"

"आईला इचार की."

"इचारलं. ती सांगत न्हाई."

"मलाबी सांगत न्हाई."

"आबा, एवढं सोनं. घरातल्या माणसाला ठावं नगं व्हय, कुठं हाय ते?"

आकारामनं आत बघितलं. चंद्राबाई तांदूळ निवडत होती.

"ठावं हाय की घरातल्या माणसाला," तो म्हणाला. "मला ठावं न्हाई, म्हंजी सुरक्षित हाय." आणि फोन ठेवून निवडायला दुसरं सूप घेऊन तिच्यासमोर बसला.